सोप्यावरून : ‘खंय’ लावून बोला

या महिन्याच्या पत्रांत भांडणं फार आहेत. गोव्यात भांडण म्हटलं की वाट, विहीर नाहीतर कुंपण. पण ही भांडणं आत्मा, नशीब, देव आणि सिनेमा यांवरची आहेत, म्हणजे कोर्टात न जाणारी. मला आवडली. एकेक घेते.

बाई, आम्ही पाचजण फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले मित्र. मी आता वेर्ण्याला एका औषध कंपनीत आहे, बाकीचे पणजी-म्हापशात. दर शनिवारी मिरामारला बसतो. गेल्या महिन्यात एकाने मोबाइलवर गाणं लावलं. गायक कधीच वारलेला आणि गाणं यंदाच्या सिनेमातलं, यंत्राकडून त्याच्या आवाजात गाऊन घेतलेलं. एकजण म्हणाला, मस्त. दुसरा म्हणाला, हे मढं उठवून नाचवणं आहे. तिथून विषय आत्म्यावर गेला. आता दोघं बोलत नाहीत, एकाने ग्रुप सोडला. असल्या विषयांवर वाद घालूच नये का? – एक वाचक, साखळी

घालावा की. आमच्या सोप्यावर हाच वाद जूनमध्ये झाला, म्हणून मला तयारी करावी लागली नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सोपो म्हणजे घराच्या दर्शनी भागातला ओटा, दोन्ही बाजूंना बसायला बांधीव बाकं. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारता येते आणि नको असलेल्याला आत घ्यावं लागत नाही. आमच्या सोप्यावर दर गुरुवारी संध्याकाळी चौघं बसतो. मी, पस्तीस वर्षं पोरांना त्रिकोणमिती शिकवून निवृत्त झालेली. शेजारचे भाऊ, ज्यांचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे आणि ज्यांना सुपारीच्या भावाखेरीज फक्त गाणं कळतं. नर्सबाय, सरकारी इस्पितळात वॉर्ड सांभाळून निवृत्त. आणि कंडक्टर, कदंबच्या फोंडा-पणजी गाडीवरचा. त्याने पाहिला नाही असा हिंदी सिनेमा नाही, आणि पाहिलेल्यांतल्या एकाचीही गोष्ट त्याला धड सांगता येत नाही.

आमच्याकडे नियम एकच, तोही नर्सबायने घातलेला. कोकणीत ‘खंय’ म्हणून एक शब्द आहे. ‘खंय’ म्हणजे कुठे, हे सगळ्यांना ठाऊक. पण वाक्याच्या शेवटी आला की तो मराठीतला ‘म्हणे’ होतो. ‘तो आयलो खंय’, म्हणजे तो आला म्हणे. मी काही पाहिलेला नाही. तर सोप्यावर बोलताना जे स्वतः पाहिलं नाही, अनुभवलं नाही, त्याला ‘खंय’ लावायचं. विसरला त्याच्याकडे पुढच्या गुरुवारचं खाणं. कंडक्टरच्या बायकोला हा नियम बिलकुल मान्य नाही. बिचारी दर महिन्याला दोनदा भजी तळते.

तर जूनमधला गुरुवार. पाऊस असा की पागोळ्यांचा पडदा झालेला, वीज गेलेली, ताटात नीरफणसाची कापं. कंडक्टर म्हणाला, ‘‘आपल्या केरीच्या केसरबाईंचं गाणं अंतराळात पाठवलं, आणि तिथल्या लोकांनी ते ऐकलं.’’

‘‘खंय!’’ आम्ही तिघं एकदम ओरडलो.

पहिल्या अर्ध्याला ‘खंय’ लावायची गरज नव्हती. केरी म्हणजे आमच्याच फोंडा तालुक्यातलं गाव. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, तिच्यात जगभरच्या २७ संगीतरचना आणि ५५ भाषांतले नमस्कार. त्यात मराठी नमस्कार आहे, पोर्तुगीजही आहे. कोकणी नाही. हे कळल्यावर कंडक्टर अर्धा तास धुमसत होता. ‘‘साडेचारशे वर्षं इथे बसले, आणि तिथेही आमच्या आधी पोचले!’’ दुसऱ्या अर्ध्याला मात्र ‘खंय’ लावावंच लागतं. पहिलं व्हॉयेजर आज २,४०० कोटी किलोमीटरांच्याही पलीकडे आहे, पण दुसऱ्या कुठल्या ताऱ्याच्या आसपास फिरकायला त्याला सुमारे ४०,००० वर्षं लागतील. कंडक्टरने मुकाट्याने पुढच्या गुरुवारची भजी कबूल केली.

मग त्याने मोबाइलवर ती भैरवी लावली. साडेतीन मिनिटं. अंधारात मोबाइलचा उजेड तेवढा भाऊंच्या हनुवटीवर. त्यांनी डोळे मिटलेले. गाणं संपल्यावर ते म्हणाले, ‘‘ह्या केसरबाई नव्हेत. तास तास ख्याल मांडणारी बाई तबकडीच्या एका बाजूत कोंबलीय. हेसुद्धा यंत्राचंच काम.’’

नर्सबायने लगेच पकडलं. ‘‘मग आज यंत्र त्यांच्या आवाजात नवीन गायलं तर तुम्हाला का खुपतं?’’

इथून तुमच्या मिरामारसारखंच झालं. फरक एवढाच की आमच्यापैकी कुणालाच पटकन उठून जाता येत नाही, गुडघ्यांमुळे.

माझं म्हणणं तेव्हा मांडलं ते असं. केसरबाई ‘नाही’ म्हणण्यासाठी नावाजलेल्या होत्या. ध्वनिमुद्रणाचा त्यांना कधी सोस नव्हता. तबकडीत त्या मावल्या तेवढ्याच आहेत हे कबूल, पण कधी गायचं, काय गायचं आणि कुठे थांबायचं हे त्यांनी ठरवलं. यंत्रातला आवाज ‘नाही’ म्हणत नाही. भजन दिलं तर भजन गाईल, गुटख्याची जाहिरात दिली तर तीही तितक्याच भक्तीने. जिवंत गायक निदान कोर्टात तरी जातो. २०२४ मध्ये अरिजित सिंग गेला आणि त्याच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने अटकाव केला. गेलेल्याने कुठे जायचं? त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी एका तमिळ चित्रपटातल्या गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकरवी वापरले. घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला, असं त्यांनी जाहीर सांगितलं. म्हणजे रीत तर पाळली.

भाऊ म्हणाले, ‘‘कुळागर मुलाच्या नावावर करता येतं. गळा कसा करणार?’’

मला वाटलं, संपला वाद. पण नर्सबाय म्हणाली, ‘‘घरच्यांच्या सहीने आख्खं शरीर वैद्यकीय कॉलेजला देतात की. पोरं त्यावर शिकतात. तेव्हा कुणी विचारत नाही गळा कुणाचा.’’

तिथे आम्ही अडकलो. अजून अडकलेलेच आहोत. मला तिचं म्हणणं पटत नाही आणि खोडताही येत नाही.

तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. वीज आली, नर्सबाय आणि कंडक्टर उठले. भाऊ मागे थांबले. मोबाइल माझ्या कानाला लावला. त्यांच्या बायकोचा निरोप, तेरा सेकंदांचा. ‘‘येताना चार उंडे घेऊन या, पोदेर आज आला नाही, आणि छत्री विसरू नका.’’ (उंडे म्हणजे आमच्याकडचे पाव, पोदेर म्हणजे पाववाला.) वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ म्हणाले, ‘‘माझा पुतण्या म्हणतो, एवढ्यावरून यंत्र तिला काहीही बोलायला लावेल. मी त्याला हात लावू देत नाही. ती उंड्यांचंच बोलू दे.’’

बावीस वर्षं आम्ही शेजारी बसतो. त्या निरोपाचं मला त्या गुरुवारी कळलं.

तेव्हा ‘मढं उठवून नाचवणं’ म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला फोन करा. ग्रुपवर नव्हे, फोन. आत्म्याचं नाव काढू नका. त्याच्या मोबाइलात कुणाचा आवाज साठवलेला आहे तेवढं विचारा. नसेल कुणाचा, तर मिरामारला जाऊन खुशाल पुन्हा भांडा.

बाई, मी बारावीत आहे. आमच्या कॅन्टीनमध्ये रोज वाद. एक मित्र म्हणतो, सगळं आधीच लिहिलेलं आहे. दुसरा सिनेमे बघून म्हणतो, अशी असंख्य विश्वं आहेत, एकात आपण पास, एकात नापास. दोघांचंही खरं धरलं तर अभ्यास कशाला करायचा? – एक विद्यार्थी, पेडणे

अरे पुता, दोन मित्रांनी दोन वेगळ्या वाटांनी एकच सोय शोधून काढली आहे. त्यांच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

लिहिलेलं असण्याविषयी तुला वर्गातला एक खेळ सांगते. मी तो दरवर्षी खेळायचे. अर्ध्या वर्गाला नाणं शंभर वेळा उडवून छापा-काटा लिहायला सांगायचं. उरलेल्या अर्ध्याने नाणं न उडवता मनानेच शंभर छापे-काटे लिहायचे, असे की खरे वाटावेत. मी वर्गाबाहेर. परत आल्यावर कागद बघून कोणता खरा, कोणता बनावट ते सांगायचं. पोरांना ती जादू वाटायची. जादू कसली! खऱ्या शंभर फेकींत कुठेतरी सलग सहा छापे किंवा सहा काटे बहुतेक वेळा येतातच. पाचांत चार वेळा तरी येतात, हिशेब करून बघ. मनाने लिहिणाऱ्याचा हात चारांच्या पुढे धजत नाही. त्याला वाटतं, सलग सहा म्हणजे काहीतरी घडवून आणलेलं, योगायोगाने असं होत नाही.

आपल्याला योगायोग ओळखता येत नाही, इतकंच त्या कागदांवरून कळतं. सलग चार वाईट गोष्टी झाल्या की आपण म्हणतो कुणीतरी लिहिलंय, कुणाची तरी दीठ लागलीय. आमच्या गावात एक गृहस्थ होते, स्वप्नात साप दिसला की एक आकडा, नारळ दिसला की दुसरा, असा मटका लावायचे. लागला की गावभर सांगायचे. न लागलेले आकडे त्यांनी कधी कुणाला सांगितले नाहीत. त्यांच्या बायकोला ते पाठ होते.

आता विश्वांचं. अनेक विश्वांची कल्पना सिनेमावाल्यांनी काढलेली नाही. ह्यू एव्हरेट नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये क्वांटम यांत्रिकीचा अर्थ लावताना ती मांडली. सिनेमाने तिला जोडलं ते या विश्वातून त्या विश्वात जाण्याचं दार. एव्हरेटच्या मांडणीत असं दार नाही. म्हणजे दुसऱ्या विश्वातला तू पास झालास तरी तुझी गुणपत्रिका इकडे आणून द्यायला कुणी येणार नाही. आणि त्याच्याविषयी तुझा मित्र जे काही बोलतो त्याला ‘खंय’ लावायला सांग. मग बघ वाक्य कसं दिसतं: ‘‘मी दुसरीकडे पास झालो खंय.’’

गणिताचा पेपर याच विश्वात आहे. समाकलन सोडून देऊ नकोस, सगळे तेच सोडतात.

तुम्ही मासिकात मराठी लिहिता, आणि तुमच्याच लेखात तुमच्या सोप्यावरचे सगळे कोकणीत भांडतात. मोठा विचार मराठीत आणि भांडण कोकणीत, हे ढोंग नव्हे? – एक वाचक, मडगाव

नव्हे. आता खुलासा.

१६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला, गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा, तेव्हा मी आठ वर्षांची होते. निशाण्या दोन: विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. आमच्या घरात बाबा फुलाचे, काका दोन पानांचे. एकाच चुलीवरचं जेवायचे. सोप्यावर बाबा एका बाकावर बसून ‘झालाच पाहिजे’, काका समोरच्या बाकावरून ‘आमचें गोंय आमकां जाय’. मधल्या पायरीवर आम्ही पोरं, दोन्हींच्या घोषणा आळीपाळीने देत, कारण दोघांकडूनही लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या. आवाज फार चढला की आजी आतून म्हणायची, ‘‘आदीं जेवात, मागीर झगडात.’’ आधी जेवा, मग भांडा.

मतमोजणी झाली. काकांची बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली. आम्हाला वाटलं आता घर फुटणार. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी आजीने केळफुलाची भाजी केली. काकांनी बाबांच्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘दादा, फूल घे आणखी.’’ बाबांनी ताटाखालचं केळीचं पान फाडून त्यांच्या ताटात टाकलं. ‘‘तू दोन पानं खा.’’ आजीने ती भाजी मुद्दाम केली की परसात केळफूल आलं होतं म्हणून, हे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

आता ऐका. फुलाला मत देणारे बाबा आयुष्यभर कोकणीच बोलले, मराठी बोलायला गेले की अडखळायचे. दोन पानांना मत देणारे काका रोज रात्री झोपण्यापूर्वी ज्ञानेश्वरी वाचायचे, मोठ्याने, चाळीस वर्षं. तुमच्या दृष्टीने यांतला ढोंगी कोण?

आणि मोठा विचार मराठीतच होतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? एखाद्याने ठामपणे म्हटलं की देव आहे, आणि सोप्यावरून नुसतं ‘‘आसा खंय’’ एवढं उत्तर आलं, तर त्यात जेवढा संशय, जेवढी माया आणि जेवढी थट्टा असते, ती मराठीत आणायला मला अर्धं पान लागेल. लिहायला मला मराठी येते, शाळेत तीच शिकले, म्हणून ती लिहिते. तुम्ही मला कोकणीत पत्र पाठवा, मी ते इथे छापायला सांगते. उत्तर मात्र मराठीतच येईल, शुद्धलेखनाची खात्री मला त्याच भाषेत आहे.

माझे मित्र नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, रांगेत उभे राहून इराणी, कोरियन सिनेमे पाहतात आणि माझी आई पाहते त्या मराठी मालिकांना हसतात. मलाही हसू येतं, मग वाईट वाटतं. – एक वाचक, पणजी

इफ्फी २००४ला गोव्यात आला तेव्हापासून मी जमेल तसं जाते. दोनदा झोपलेही आहे, त्यातला एक सिनेमा नंतर फार मोठा निघाला. मालिका वाईट असतात याबद्दल दुमत नाही. तीन मिनिटांच्या प्रसंगाला पाच वेळा विजा चमकतात. पण रात्री जेवताना आईला सहज विचारून बघा, आजच्या भागात सासूचं चुकलं कुठे? माझ्या आईने एकदा या प्रश्नावर पाऊण तास बोलून मला माझ्या आजीविषयी जे सांगितलं, ते तिने तोपर्यंत कधीच सांगितलं नव्हतं. तिने आजीचं नाव एकदाही घेतलं नाही. सासू मालिकेतलीच होती.

वाद जिंकायचा कसा? – एक वाचक, फोंडा

बावीस वर्षांत मी दोनदा जिंकले. दोन्ही वेळा समोरचे पुढच्या गुरुवारी आले नाहीत. तिसऱ्यांदा जिंकायचं धाडस झालं नाही.

बाई, आम्ही सातजणी वीस वर्षं फुगडी घालतो. एकीचे यजमान दोन वर्षांपूर्वी अपघातात गेले. आता ती पुन्हा येते, पण गाण्यात देवाचं नाव आलं की तेवढं गात नाही. परवा म्हणाली, ‘‘देव नाही. असता तर त्या रात्री मी त्याला ओळखलं असतं.’’ दोघींना राग आला. एकीने तिला पूर्वजन्मीचं कर्म समजावलं. मीही बोलून गेले, देव माणसाची परीक्षा घेतो. ती उठून गेली. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली आहे. तिला कसं समजावू? – एक वाचिका, डिचोली

समजावू नका. आणि ते परीक्षेचं वाक्य मागे घ्या. पस्तीस वर्षं परीक्षा घेतलेली बाई म्हणून सांगते, परीक्षेआधी अभ्यासक्रम सांगतात. तारीख सांगतात. आणि बावन्न वर्षांच्या बाईला रात्री अकरा वाजता इस्पितळातून फोन करून पेपर हातात ठेवत नाहीत.

आमच्या सोप्याचा नियम लावला तर तुमच्या सातजणींत ‘खंय’ न लावता बोलायचा अधिकार तिचा एकटीचा होता. त्या रात्री काय होतं आणि काय नव्हतं हे तिने पाहिलं. कर्माचं बोललेल्या बाईने पूर्वजन्म पाहिलेला नाही. ‘‘हे पूर्वजन्मीचं कर्म खंय’’ असं म्हणाली असती तर बोलणं निदान खरं तरी झालं असतं, आणि कदाचित तुमची मैत्रीण हसलीही असती.

देव नाही म्हणणारं माणूस आपल्या मातीत नवं नाही, हे त्या रागावलेल्या दोघींना सांगा. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ला बायको आणि तान्ही मुलगी घरी ठेवून बुद्धाच्या शोधात निघाले, १९०२ मध्ये सिंहलद्वीपात जाऊन भिक्षू झाले. पुढे संसारात परतले, पण सृष्टी चालवणाऱ्या देवाकडे काही परतले नाहीत. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिती आणि मार्क्सवादी. त्यांच्या नावाने गोवा सरकार २००८ पासून पणजीत विचार महोत्सव भरवतं. तिथे टाळ्या वाजवायच्या आणि फुगडीच्या अंगणात तेच वाक्य एका विधवेच्या तोंडून आलं की रागवायचं? (धर्मानंदांच्या बायकोला, बाळाबाईंना, त्या वर्षांत काय वाटलं असेल हे मला नेहमी छळतं. पण तो वेगळ्या गुरुवारचा विषय.)

माझा थोरला भाऊ गेला तेव्हाची गोष्ट सांगते. नातेवाईक येत होते, जात होते. प्रत्येकजण काहीतरी मोठं बोलायचा. आत्मा अमर आहे. सुटला बिचारा. देवाला चांगली माणसं आवडतात. मी चार दिवस कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते, जेवढं ऐकत होते तेवढी आत आत जात होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी कंडक्टर आला. सोप्यावर माझ्या समोरच्या बाकावर बसला, रुमालाने टक्कल पुसलं, आणि काहीच प्रस्तावना न करता एका जुन्या हिंदी सिनेमाची गोष्ट सांगायला लागला. दोन भाऊ लहानपणी ताटातूट होऊन वेगळे वाढतात, एक पोलीस होतो, एक चोर. सांगता सांगता तो दुसऱ्याच सिनेमात घुसला. चोर असलेला भाऊ एकदम डॉक्टर झाला. मेलेली आई मध्यंतरानंतर स्वयंपाकघरात. हातवारे करत मारामारीचा प्रसंग करून दाखवला, त्यात त्याची कोपरापर्यंतची बाही उसवली. पाऊण तास झाला. त्याने धाकट्या भावाला पुलावर गोळी घातली तेव्हा मला राहवेना.

‘‘अहो, धाकटा नव्हे,’’ मी म्हटलं. ‘‘थोरला मरतो.’’

कंडक्टर गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘हो. थोरला, बाई. माझं चुकलं.’’ आणि बसून राहिला. नर्सबायने चहा आणला, तो मी प्यायले. तो मुद्दाम चुकला का, हे मी आजवर विचारलेलं नाही. त्याच्या बाबतीत काही सांगता येत नाही, त्याला कुठलीच गोष्ट धड येत नाही.

तर चवथीचं. फुगडीत देवाच्या नावाच्या जागी ती गप्प राहते ना, राहू द्या. बाकी सहाजणी गाताहेत तेवढ्यात गाणं पडत नाही, आणि पाय तर तिचे पडतातच. तिने तुमच्याशी बोलणं टाकलं असेल तर क्षमेचं मोठं भाषण घेऊन तिच्या दारात जाऊ नका. गणपतीवरची माटोळी बांधायच्या दिवशी सकाळी तिला हाक मारा. सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंगां, नारळ, सगळं वर लाकडी चौकटीला बांधायचं म्हणजे एकजण स्टुलावर चढतो, आणि कुणीतरी ते स्टूल धरावंच लागतं. आमच्याकडचं स्टूल एका पायाने आखूड आहे. तुमच्याकडचं नसलं, तर तसं सांगा.